घर बदलल्यावर रोजचं जाणं-येणं बसवताना

नवीन घरातून कामावर जायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक घाई होते. जो रस्ता सापडला तोच धरून टाकायची. सामान अजून खोक्यांत असतं, पत्ता बदलायचे अर्ज पडून असतात, मुलांची नवी शाळा असते. निदान जाण्या-येण्याचं तरी एकदाचं ठरलं म्हणजे डोक्यातून गेलं, असं वाटतं. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. पहिले तीन महिने रस्ता पक्का करू नका. दोन-तीन रस्ते मुद्दाम चालते ठेवा, वेळा लिहून काढा, आणि मग ठरवा. तोवर पासही महिन्याचाच काढा, लांबच्या मुदतीचा नको. कारण हातात पास असला की दुसरा रस्ता बघायला पाय उचलत नाही.

तीन महिने हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बास व्हरप्लँकन आणि डेबोरा रॉय या संशोधकांनी २०१६ साली ब्रिटनमधल्या ८०० लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्यांनी नुकतंच घर बदललं होतं, निम्मे जुन्याच घरी राहत होते. सवयी बदलण्यासाठी केलेल्या प्रयत्नांना घर बदललेल्यांकडून जास्त प्रतिसाद मिळाला, आणि ही संधी साधारण पहिल्या तीन महिन्यांपुरतीच उघडी असते असं त्यांच्या आकड्यांतून दिसलं. नंतर पाय आपोआप वळायला लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आणखी एका अभ्यासात ९६ जण सहभागी होते; त्यांत एखादी नवी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ पर्यंत गेला. म्हणजे दुसऱ्या महिन्यातही प्रवास जड वाटत असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

आणि सवय झाली म्हणजे तो रस्ता चांगलाच असतो, असंही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. बरीच स्टेशनं बंद होती, लोकांना नाइलाजाने दुसरे मार्ग धरावे लागले. संप मिटल्यावर तीन अर्थतज्ज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण पाच टक्के लोक नव्या मार्गावरच राहिलेले आढळले. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या या माणसांना अधिक सोयीचा मार्ग आधीपासून उपलब्ध होता, फक्त तो कधी बघितला गेला नव्हता. त्यातही जिथे रेल्वेचा नकाशा प्रत्यक्ष अंतरांपासून जास्त ढळलेला होता, तिथे लोकांना नवा मार्ग जास्त फायद्याचा ठरला. स्टेशनांत लावलेले असे नकाशे सरळ रेघांचे, सारख्या अंतरांचे असतात. गाडी कुठे बदलायची हे कळायला ते उत्तम. पण दोन स्टेशनांमध्ये जमिनीवर किती अंतर आहे हे त्यांवरून ठरवू नका. नकाशात दोन गाड्या बदलून जायचं दिसणारं ठिकाण कधीकधी पायी दहा मिनिटांवर असतं.

वहीत काय लिहायचं

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आठच्या ठोक्याला नमुने घ्यायला सुरुवात होते आणि त्याआधीच बाहेरच्या बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. त्यांत मधुमेहाचे म्हातारे लोक असतात. मला उशीर झाला की त्यांचं उपाशी बसणं लांबतं. म्हणून "साधारण चाळीस मिनिटं लागतात" हे उत्तर मला पुरत नाही. चाळीस मिनिटं लागतात त्या दिवशी सगळं ठीकच असतं. मला कळायला हवं ते वाईट दिवशी किती लागतात ते.

त्यासाठी एक छोटी वही करा किंवा फोनमध्ये लिहा. दर दिवशी चार वेळा नोंदवायच्या: घराला कुलूप लावलं ती वेळ, थांब्यावर किंवा फलाटावर पोहोचलात ती, गाडीत चढलात ती, आणि कामाच्या जागी दारातून आत शिरलात ती. पाचवा रकाना शेऱ्याचा ठेवा. पाऊस, सोमवार, रेल्वेचं फाटक पडलेलं, बस भरून आली, एवढे दोन शब्द पुरतात. नकाशाच्या ॲपमध्ये पोहोचायची वेळ घालून कधी निघावं हे विचारता येतं आणि सुरुवातीच्या अंदाजाला ते चांगलं आहे. पण लिफ्टची वाट, जिना, तपासणीची रांग, गाडी लावायला जागा शोधणं, हे त्यात नीट धरलेलं असेलच असं नाही. दार ते दार हा हिशोब तुमचा तुम्हालाच करावा लागतो.

एका रस्त्याच्या वीस कामाच्या दिवसांच्या नोंदी झाल्या की दर दिवशी दार ते दार किती मिनिटं लागली ते काढा आणि ते आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. सर्वात मोठा सोडा, त्याच्या आधीचा घ्या. तेवढा वेळ हातात ठेवून निघालात तर वीसपैकी एकोणीस दिवस वेळेवर पोहोचाल. रहदारीचा अभ्यास करणारे लोक रस्त्याचा भरवसा असाच मोजतात. पंचाण्णव टक्के वेळा पुरेल एवढा वेळ किती, असं ते विचारतात. ज्यांना पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झालेली चालतात त्यांनी वरून चौथा आकडा धरला तरी हरकत नाही. शाळा, दवाखाना, पाळीचं काम असेल तर दुसराच धरा.

या मांडणीत एक गोष्ट लगेच दिसते. दोन रस्त्यांची सरासरी सारखी असते, पण एकाचे आकडे ३८ ते ४५ मध्ये असतात आणि दुसऱ्याचे २९ ते ७०. दुसरा रस्ता मनाला भुरळ घालतो, कारण त्या २९ मिनिटांच्या दिवसाची आठवण पक्की बसते. मी पहिला घेईन, आणि वेळेवर हजेरी असलेल्या कोणालाही तोच घ्यायला सांगेन.

थांब्यावरचा वेळ

प्रवासातला सर्वात त्रासाचा भाग गाडीत बसण्याचा नसतो. तो उभं राहण्याचा आणि धावण्याचा असतो. वाहतुकीचं नियोजन करताना थांबण्याचा आणि चालण्याचा वेळ अनेक ठिकाणी गाडीतल्या वेळेच्या सुमारे दुप्पट जड धरला जातो, तो याचमुळे. तेव्हा दोन मार्गांची तुलना करताना गाडीतली मिनिटं तशीच ठेवा आणि वाट पाहण्याची दुप्पट करा. दोनदा गाडी बदलून ४५ मिनिटांत पोहोचवणारा मार्ग, एकाच गाडीने ५५ मिनिटांत नेणाऱ्या मार्गापेक्षा बरेचदा महाग पडतो. शिवाय एकाच गाडीत बसून काही वाचता येतं, डोळे मिटता येतात. तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासात यातलं काहीच जमत नाही.

बस दर दहा मिनिटांनी आहे असं वेळापत्रक म्हणतं आणि आपल्या वाट्याला मात्र नेहमी पाचाच्या वर मिनिटं येतात, असं वाटत असेल तर ते बहुतेक खरंच असतं. समजा बसेसमधलं अंतर एकदा ५ मिनिटं आणि एकदा १५ असं पडतंय. सरासरी १० झाली. पण त्या वीस मिनिटांपैकी पंधरा मोठ्या खंडात गेलेली आहेत. तुम्ही कधीही थांब्यावर या, चारपैकी तीन वेळा मोठ्याच खंडात सापडणार. हिशोब केला तर सरासरी थांबणं ५ ऐवजी सव्वासहा मिनिटं येतं. खंड २ आणि १८ झाले तर ते आठाच्या वर जातं. म्हणून वेळापत्रकापेक्षा थांब्यावरची तुमची स्वतःची नोंद मोलाची. एखाद्या मार्गाच्या बसेस जोडीने येत असतील तर त्या मार्गाला दहा मिनिटांचा समजू नका.

भरलेली बस थांब्यावर थांबतच नाही ही अडचण असेल तर उलट दिशेला एक थांबा चालून पाहा. मार्ग जिथून सुरू होतो त्या बाजूला एक-दोन थांबे मागे गेलं की बऱ्याचदा चढायला मिळतं, कधी बसायलाही. दोन मिनिटं मागे जाणं जिवावर येतं, पण पाऊण तास उभं राहण्यापुढे ते काहीच नाही.

ज्यांचा तो रस्ता आहे त्यांना विचारा

माझ्या नव्या रस्त्यात एका स्टेशनवर गाडी बदलावी लागते. तिथे दोन जिने आहेत, एक फलाटाच्या मधोमध आणि एक मागच्या टोकाला. मधल्या जिन्यावर सगळी गाडी एकदम रिकामी होते. पायरीगणिक थांबावं लागतं, समोरच्याची पिशवी गुडघ्याला लागते, आणि वर पोहोचेपर्यंत पुढची गाडी सुटण्याची घंटा ऐकू येते. मागचा जिना बघताना लांबचा वाटतो. पण तो पुलावरून थेट त्या फलाटाच्या तोंडाशी उतरतो जिथे दुसरी गाडी लागते. शेवटून दुसऱ्या डब्याच्या पुढच्या दाराने उतरलं की त्याची पहिली पायरी चार पावलांवर येते. कठडा डाव्या हाताला धरायचा, कारण उजवीकडून खाली येणारे लोक अंगावर येतात. वर गेल्यावर पुलाची पहिली फांदी सोडून दुसरीने उतरायचं.

हे मला नकाशाने सांगितलं नाही. रोज माझ्या डब्यात असणाऱ्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं. "अहो, मधल्या जिन्याला कशाला जाता? मागे या माझ्याबरोबर," एवढंच त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मी त्यांना काकू म्हणते. त्या स्टेशनवर मला आता धावावं लागत नाही.

तेव्हा लोकांना विचारा, पण नेमकं विचारा. "किती वेळ लागतो हो?" याला प्रत्येक जण अंदाजाने काहीतरी सांगतो. कोणत्या डब्यात चढू, कोणत्या दाराने उतरू, फाटक कधी पडतं, कुठली बस या वेळेला भरून येते, संध्याकाळी कोणत्या बाजूने दिवे असतात, असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं. टपरीवाले, रखवालदार, थांब्यावरचे विक्रेते, सफाई कामगार यांना हे सगळं माहीत असतं, कारण ते दिवसभर तिथेच असतात.

परतीचा रस्ता वेगळा धरा. सकाळी गेलात त्याच वाटेने उलटं यायचं, असा काही नियम नाही. एकेरी रस्ते बदलतात, गर्दीची दिशा फिरते, थांबा रस्त्याच्या पलीकडे असतो आणि तो शोधण्यातच पहिले दोन दिवस जातात. अंधार पडल्यावर थांब्यापासून घरापर्यंतची वाट एकदा घरच्या कोणाबरोबर तरी चालून बघा. दिवे कुठे आहेत, कुठला तुकडा ओसाड आहे, पावसात पाणी कुठे साचतं, हे दिवसा दिसत नाही. पाच मिनिटांनी लांबची पण उजेडाची, वर्दळीची वाट असेल तर रात्रीची ती पक्की करा. इथे तुलना करत बसू नका.

स्वतःची गाडी चालवणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. गर्दीच्या वेळी रस्ता भरत आला की मागून येणारी प्रत्येक गाडी रांग वाढवत जाते, त्यामुळे पंधरा मिनिटं लवकर निघण्याचा फायदा पंधरा मिनिटांपेक्षा मोठा होऊ शकतो. निघण्याच्या वेळा मुद्दाम बदलून वहीत टिपा, कोणत्या वेळेनंतर आकडा एकदम चढतो ते कळेल. दुसरी गोष्ट उन्हाची. नवं घर कामाच्या जागेच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेला जाताना ऊन डोळ्यांत येतं, आणि संध्याकाळी पश्चिमेला परततानाही. पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा ते पाठीशी. घर बदलताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. पश्चिमेला गेला असाल तर पुढची काच आतूनही रोज पुसा, कारण आतल्या बाजूच्या धुरकट थरावर ऊन पडलं की समोरचं काहीच दिसत नाही. गडद चष्मा गाडीतच ठेवा.

बसमध्ये वाचायला लागलं की मळमळत असेल तर ते काही दिवसांत सुटेल म्हणून जबरदस्ती करू नका. डोळे स्थिर पानावर असतात आणि कानाच्या आतला तोलाचा भाग हलल्याचं सांगत असतो, त्या ओढाताणीतून हे होतं. पुढच्या बाजूला, गाडीच्या दिशेला तोंड करून बसा, लांब बाहेर बघा, आणि वाचण्याऐवजी ऐका.

लवकर उठायचं असेल तर

प्रवास वाढला की उठायची वेळ मागे सरते, आणि झोपायची मात्र तिथेच राहते. पहिल्या महिन्यातला बराचसा थकवा प्रवासाचा नसून या झोपेचा असतो. पाऊण तास लवकर उठायचं असेल तर एका रात्रीत बदलू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, असं सरकवा. झोपायची वेळ आणि उठायची वेळ दोन्ही. उठल्यावर लगेच उजेडात या, खिडकीशी उभं राहिलात तरी चालेल. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकवतो आणि रात्री झोपही लवकर येते. सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त झोपलं की ही सगळी मेहनत सोमवारी पुन्हा करावी लागते. सुट्टीलाही तासाभराच्या आतच उठा.

बॅग, किल्ली, ओळखपत्र, चार्ज केलेला फोन, दुसऱ्या दिवशीचे कपडे हे रात्रीच. सकाळच्या घाईत घालवलेली पाच मिनिटं वाटेत भरून निघत नाहीत.

घरच्यांना कोणती वेळ सांगायची

वहीतल्या परतीच्या आकड्यांतलाही वरून दुसरा आकडा काढा आणि घरी तीच वेळ सांगा. मी बहुतेक दिवस साडेसहापर्यंत घरी पोहोचते, पण माझ्या मुलाला मी सात सांगितलं आहे. साडेसहा सांगितलं असतं तर पावणेसातला तो खिडकीत जाऊन उभा राहिला असता आणि सातला रडवेला झाला असता. आता मी लवकर आले की त्याला आनंद होतो, आणि साताला पाच कमी असताना मी फाटकाजवळ अडकलेली असले तरी घरात सगळं शांत असतं. लहान मुलं, आजारी किंवा म्हातारी माणसं घरी वाट बघत असतील तर हे जरूर करा. जवळच्या एखाद्या शेजाऱ्याकडे जादा किल्ली आणि तुमचा नंबर ठेवा. नव्या जागी ओळख व्हायला वेळ लागतो हे खरं, पण ही एक ओळख पहिल्या पंधरवड्यातच करून घ्या.

जुन्या रस्त्याची आठवण येईल. रोज दिसणारे चेहरे, कोपऱ्यावर हात करणारं कोणीतरी, पायांना पाठ असलेली वळणं. मला ती अजूनही येते आणि मी ती येऊ देते. जुन्या वाटेवरच्या ज्या माणसांशी बोलणं होतं त्यांचे नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा, नंतर ते शोधायला मार्ग उरत नाही.

तीन महिन्यांनी वही उघडा. एका बाजूला २५ मिनिटं वाढली असतील तर दिवसाला ५० झाली, पाच दिवसांच्या आठवड्याला २५०, म्हणजे चार तास दहा मिनिटं. वर्षात ४८ आठवडे कामाचे धरले तर २०० तास. हा आकडा समोर ठेवून ठरवा की उरलेलं ओझं कुठून कमी होईल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा टप्प्याटप्प्याने हिशोब लिहायला सांगितला होता. सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास सर्वात नकोशा वेळांत गणला गेला. म्हणजे तो थोडा जरी सुसह्य झाला तरी दिवसात फरक पडतो.

कामाच्या ठिकाणी वेळ बदलून मागायची असेल तर याच वहीच्या आधारे मागा. "प्रवास फार होतो" असं सांगितलं की वरिष्ठ सहानुभूती दाखवतात आणि विषय संपतो. "आठला पोहोचायला मला सव्वासहाला निघावं लागतं, साडेआठला पोहोचायचं असेल तर सातला, या वीस दिवसांच्या नोंदी" असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं. माझ्या लॅबमध्ये आठची वेळ हलणार नव्हती, म्हणून मी अदलाबदल मागितली. माझी सहकारी जवळ राहते, सोमवारी आणि शुक्रवारी ती आठला दार उघडते आणि मी साडेआठला येते. संध्याकाळी ती अर्धा तास आधी निघते, शेवटचे अहवाल मी बघते. मागताना दोन्ही बाजूंचा फायदा कागदावर लिहून नेला होता, आणि एक महिना करून बघू एवढंच मागितलं होतं.